उजवा की डावा?

आमच्या हिच्या मामांशी हात मिळवायचा असेल तर कोपर सांभाळावं. उजव्या हातानं ते तुमचा हात हातात घेतात, तोंडानं "काय म्हणता, बरं आहे ना, पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे" चालू असतं, आणि तेवढ्यात त्यांचा डावा हात तुमच्या कोपरामागच्या खोबणीत शिरून तिथली एक दोरी बोटाखाली घोळवून बघतो. नवख्या माणसाला वाटतं, काय हा जिव्हाळा! मग त्याच्या करंगळीत मुंग्या येतात.

"आल्या?" मामा विचारतात. "करंगळीत आणि शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात ना? अर्ध्याच. करंगळीकडच्या."

माणूस चक्रावून आपल्या बोटाकडे बघतो. खरंच अर्ध्याच आलेल्या असतात.

"अल्नर," मामा समाधानानं सांगतात. "छान आहे तुमची. जाड नाही."

मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा माझी अशीच तपासणी झाली. आधी उजवं कोपर, मग "जरा इकडे बघू" म्हणून डावं. त्यानंतर मामा आत गेले आणि "मुलगा चांगला आहे, दोन्ही बाजू सारख्या आहेत" असं सांगून आले. आतल्या मंडळींनी तो माझ्या स्वभावाचा दाखला समजला आणि लग्न ठरलं. अजूनही सासरी कुणी माझ्याबद्दल बोलताना "आतबाहेर काही नाही हो जावईबापूंचं" म्हणालं की मला त्या खोबणीची आठवण होते.

मामा अॅनाटॉमीचे प्राध्यापक. विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात त्यांची हयात गेली. कोपर चाचपायची सवय त्याच्याही आधीची, विद्यार्थी असताना वरोऱ्याला आनंदवनात शिबिराला गेले होते तेव्हाची. कुष्ठरोगाचे जंतू नर्व्हमध्ये घर करतात, आणि त्यातही जिथे नर्व्ह कातडीच्या अगदी जवळून जाते अशा थंड जागा त्यांना आवडतात. कोपरामागची अल्नर ही त्यातली पहिली. ती सुजून जाड होते, करंगळीची बाजू बधिर पडते, आणि मग माणूस चुलीवरचं भांडं उचलतो तरी त्याला भाजल्याचं कळत नाही. तिथल्या डॉक्टरांनी मामांचं बोट धरून एका म्हाताऱ्या बाईंच्या कोपरावर ठेवलं आणि "हे लक्षात ठेव" म्हणून सांगितलं. मामांनी ते असं लक्षात ठेवलं की पन्नास वर्षं त्यांनी एकही कोपर सोडलेलं नाही. व्याही, बँकेचे मॅनेजर, एकदा तर मतं मागायला आलेले उमेदवारसुद्धा. त्या उमेदवारांची डावी जरा जाड लागली म्हणून मामांनी त्यांना सिव्हिलला पाठवलं. तिथे काही निघालं नाही, पण ते पुन्हा आमच्या गल्लीत मतं मागायला आले नाहीत.

नर्व्ह हे मामांचं एक वेड. दुसरं भ्रूणाचं. आणि दोन्ही एकत्र कुठे भेटतात, तर हातपाय फुटत असताना त्यांत नर्व्ह कशी शिरते या प्रश्नात. याच प्रश्नावर त्यांनी तरुणपणी काम केलं. उबवलेल्या अंड्यातून पाचव्या दिवशी कोंबडीचा भ्रूण काढायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे दहा-दहा मायक्रॉनचे छेद घ्यायचे. छेद एकमेकांना चिकटून लांबच लांब फीत निघते, ती कुंचल्यानं उचलून कोमट पाण्यावर सोडायची आणि काचपट्टीवर घ्यायची. ऐकायला सोपं. पण ती फीत फुंकरीनंही उडते, म्हणून पंखा बंद. विदर्भात. मे महिन्यात. मेण मऊ पडलं की छेद दबतात, म्हणून ठोकळ्यावर बर्फ ठेवायचा, आणि कॉलेजचा फ्रीज बिघडलेला असल्यामुळे तो बर्फ समोरच्या रसवंतीतून आणायचा. प्रयोगशाळेत बोलायला बंदी, खोकायला बंदी, आणि शिंकायचं असेल तर व्हरांड्यात.

तरीही एक शिंक झालीच. कुणाची ते मामा आजही सांगत नाहीत, पण पुढे मोठ्या पदाला गेलेल्या एका गृहस्थांचं नाव निघालं की त्यांचा चेहरा कडू होतो. त्या शिंकेनं एक छेद गेला. हजारावर छेदांतला एक. "बरोबर तिथेच नर्व्हला फाटा फुटत होता," मामा म्हणतात. "आधीच्या छेदात एक आहे, नंतरच्या छेदात दोन आहेत. मध्ये काय झालं ते देव जाणे आणि तो शिंकणारा जाणे."

छेद घेऊन भागत नसे. ते पुन्हा जोडून त्यातून आकार उभा करायचा असे. एकोणिसाव्या शतकात ब्रेस्लाऊच्या गुस्टाव बॉर्ननं त्यासाठी एक युक्ती काढली होती: प्रत्येक छेद मोठा करून मेणाच्या पत्र्यावर काढायचा, कापायचा आणि पत्रे एकावर एक रचायचे. दहा मायक्रॉनचा छेद शंभरपट मोठा केला की पत्रा बरोबर एक मिलिमीटर जाडीचा लागतो. मामांनी असा एक पंख रचला. पहिल्याच उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात तो वितळून कलला. आज तो दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे आणि नवीन पाहुणे त्याला जुना गणपती समजून नमस्कार करतात. मामा त्यांना अडवत नाहीत. "नमस्कार करण्यासारखंच आहे ते," म्हणतात.

या कामामुळे मामांना तारखांची एक भयंकर सवय लागली. माणसाच्या भ्रूणाच्या पहिल्या आठ आठवड्यांचे तेवीस टप्पे पाडलेले आहेत, बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेच्या नावानं ते ओळखले जातात. फ्रँकलिन मॉल नावाच्या माणसानं १९१४ साली तिथे या कामासाठी खास विभाग उभा केला. मामांच्या दृष्टीनं माणसाचं चरित्र त्या तेवीस टप्प्यांतच संपतं. आमचा एक भाचा कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट झाला म्हणून पेढे घेऊन आला तर मामा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "अभिनंदन. पण तुझं जे काही व्हायचं होतं ते पहिल्या छप्पन्न दिवसांत झालं रे. पुढे नुसता वाढलास."

डोहाळजेवणाला त्यांना बोलवावं की नाही यावर घरात दर वेळी चर्चा होते. बोलावलं की ते आधी आठवडे दुरुस्त करतात. डॉक्टर मंडळी शेवटच्या पाळीपासून मोजतात, भ्रूणाचा अभ्यास करणारे गर्भधारणेपासून, त्यामुळे मामांचा हिशोब नेहमी दोन आठवड्यांनी मागे. "अठ्ठावीस नाही, सव्वीस," असं त्यांनी एकदा भर ओटीच्या वेळी सांगितलं आणि मुलीच्या सासूबाई बोटं मोजत बसल्या. मग वाट्या झाकून पेढा की बर्फी हा खेळ निघतो तेव्हा त्यांचा दुसरा अंक सुरू होतो. "सातव्या आठवड्यापर्यंत आतून बघूनसुद्धा कुणाला सांगता यायचं नाही. दोन्हींची तयारी एकदमच चाललेली असते. निसर्गाला घाई नाही, तुम्हालाच काय ती." एवढं बोलून दोन्ही वाट्या उघडतात आणि पेढा आणि बर्फी दोन्ही खाऊन टाकतात. मामी म्हणतात, "यांना साखर आहे, ते विसरायला हे एवढं तत्त्वज्ञान."

मामांची नात व्हिएन्नात संशोधन करते. तिचा विषय आजोबांचाच, हत्यारं मात्र वेगळी. व्हिएन्नाचे वोल्फगांग वेनिंगर आणि लंडनचे टिम मोहन यांनी २००६ च्या सुमारास एक पद्धत पुढे आणली, ती नातीनं व्हिडिओ कॉलवर आजोबांना सांगितली आणि त्याच संध्याकाळी मामांनी ती आम्हाला अळूवडीवर करून दाखवली.

मामी उंडे वाफवून वड्या कापत होत्या. मामा मोबाइल घेऊन ओट्याशी उभे राहिले. मामींनी एक वडी कापली. मामांनी फोटो काढला, पण वडीचा नव्हे, उरलेल्या उंड्याच्या कापलेल्या तोंडाचा. "आता पुढची काप. हात हलवू नकोस." पुन्हा उंड्याचा फोटो. "कळलं का जावईबापू? आम्ही आयुष्यभर वड्या गोळा करत बसलो. वडी दुमडते, फाटते, उडून जाते. ही पोरं वडीकडे बघतच नाहीत. ती खुशाल केरात जाऊ दे. उंडा जागचा हलत नाही, त्यामुळे सगळे फोटो आपोआप एकाखाली एक बसतात. भ्रूण राळेत घट्ट बसवायचा, राळेत इओसिन नावाचा रंग मिसळायचा, तो प्रकाशात चमकतो, आणि दर एक-दोन मायक्रॉन कापलं की वरून फोटो. हजारो फोटो. जोडायचं काम संगणक करतो. शिंकेचा प्रश्नच नाही!"

"केरात जाऊ दे म्हणजे?" मामींनी सुरी खाली ठेवली.

तोवर चिरलेल्या सगळ्या वड्या गार झाल्या होत्या आणि तेल धुरावलं होतं. मामांनी मात्र रात्री ते फोटो एकामागून एक भराभर सरकवले. पानांची गुंडाळी आतल्या आत फिरताना दिसली, मध्येच चिंचेचा एक चोथा उगवला आणि मावळला. आम्ही सगळे खरंच बघत बसलो.

नातीकडे हे दोघं जाऊन आले. व्हिएन्नातून लोक राजवाडे बघून येतात. मामांनी मामींना व्हेरिंगर श्ट्रासं नावाच्या एका रस्त्यावर फिरवलं, कारण अॅनाटॉमीची संस्था त्या रस्त्यावर आहे आणि जोसेफिनम नावाचं संग्रहालयही. सम्राट दुसऱ्या जोसेफनं अठराव्या शतकात लष्करी डॉक्टरांना शिकवण्यासाठी फ्लॉरेन्सहून मेणाची शरीरं करवून घेतली, ती खेचरांवर लादून आल्प्स ओलांडून आणली. मामा एकेका पायाच्या नर्व्हसमोर ताटकळत उभे राहिले. आपला पंख एका उन्हाळ्यात कलला आणि ही शरीरं सव्वादोनशे वर्षं ताठ आहेत, याचा त्यांना थोडा रागही आला. मामी एका आडव्या मेणाच्या बाईसमोर थांबल्या. पोट उघडं, आतडी दिसताहेत, सोनेरी केस मोकळे आणि गळ्यात मोत्यांची माळ. "एवढं सगळं काढलं, पण माळ ठेवली हो," एवढंच मामी म्हणाल्या. व्हिएन्नाबद्दल विचारलं तर त्या अजूनही हेच सांगतात.

त्या गावाशी मामांचं आणखी एक नातं आहे. मामा ते सहसा सांगत नाहीत. त्यांच्या कपाटात खाकी कागदाचं कव्हर घातलेले जाडजूड खंड आहेत, एका निवृत्त वरिष्ठांकडून मिळालेले. पेर्नकोफचा अॅटलास. शरीरातल्या बारीक नर्व्हची इतकी स्पष्ट चित्रं दुसरीकडे मिळत नाहीत म्हणून नर्व्हवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आजही तो उघडतात. पेर्नकोफ नाझी होता. १९३८ साली तो व्हिएन्नाच्या वैद्यकीय शाखेचा प्रमुख झाला आणि ज्यू सहकाऱ्यांना हाकलून देण्यात आलं. त्या वर्षांत मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ माणसांची शरीरं त्या अॅनाटॉमी संस्थेत आली, हे विद्यापीठानंच पुढे चौकशी करून जाहीर केलं. मामा विद्यार्थ्याला हा खंड बघायला देतात, पण आधी हे सगळं सांगतात आणि मुलानं ऐकून घेतलं की नाही ते त्याच्या तोंडाकडे बघून ठरवतात. एरवी चहा देतानाही कोटी करणारा हा माणूस त्या दहा मिनिटांत एकदाही हसत नाही. नातीला त्यांनी एवढंच सांगितलं, "तुमचे फोटो इतके चांगले निघू देत की हे पुस्तक कुणाला उघडावं लागू नये."

भ्रूणशास्त्राचा घरात उपयोग काय, असं मामींचे भाऊ एकदा विचारून बसले. योगायोगानं त्याच आठवड्यात शेजारच्या काकांचा उजवा खांदा दुखायला लागला. हाडाच्या डॉक्टरांनी शेक दिला, मलम दिलं. मामा समाचाराला गेले. कोपर चाचपून झालं. मग विचारलं, "तळलेलं खाल्लं की वाढतं का?" काका चमकले. वाढत होतं. मामा खुर्ची ओढून बसले. "असं बघा, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, डायफ्रॅम, हा मूळचा पोटावरचा नव्हे. चौथ्या आठवड्यात तो मानेत असतो. मग खाली सरकत येतो, पण येताना आपली नर्व्ह मानेतूनच घेऊन येतो. मान हे त्याचं माहेर. सासरी शेजारी पित्ताशयात खडे झाले, पडद्याला त्रास झाला, की तक्रार जाते थेट माहेरी. आणि खांद्याच्या कातडीचं खातंही मानेच्या त्याच भागाकडे. म्हणून तुम्हाला वाटतं खांदा दुखतोय."

काका कळवळत होते. मामा कागद मागून चित्र काढत होते. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मणक्यापाशी ती पडद्याची नर्व्ह, फ्रेनिक, कशी निघते इथपर्यंत आले तेव्हा मामी रिक्षा घेऊन दारात उभ्या होत्या. सोनोग्राफीत खडे निघाले. मामांना आनंद झाला, काकूंना तो दिसला, आणि दोन घरांत काही महिने विरजण देणंघेणं बंद होतं.

कुणाच्या घरात दुखण्याचं मलम चोळलेलं असलं की मामा दारातच थबकून लांब श्वास घेतात. तो वास त्यांना लाइपझिगच्या श्पाल्टेहोल्त्सचा लागतो. शंभरेक वर्षांपूर्वी या माणसानं अख्खे अवयव काचेसारखे पारदर्शक करून दाखवले. शरीर अपारदर्शक दिसतं, कारण पाणी, चरबी, प्रथिनं यांच्या सीमांवर प्रकाश ठिकठिकाणी वळतो. पाणी आणि चरबी काढून घ्या, आणि प्रथिनांइतकाच प्रकाश वाकवणारं द्रव त्या जागी भरा, की आरपार दिसतं. श्पाल्टेहोल्त्सची द्रवं म्हणजे विंटरग्रीनचं तेल, जे मलमात असतं, आणि बेंझिल बेंझोएट, जे खरजेच्या औषधात असतं. "गुडघ्याचं मलम आणि खरजेचं औषध," मामा औषधांच्या दुकानात उभे राहून सांगतात, "एवढ्यावर माणूस पारदर्शक होतो." दुकानदार आता त्यांना दोन्ही एकदम देत नाही.

याच वाटेनं पुढे जाऊन पॅरिसमध्ये आलँ शेदोताल यांच्या गटानं २०१७ मध्ये पहिल्या तिमाहीतले भ्रूण आणि गर्भ पारदर्शक करून त्यांच्या नर्व्ह रंगवल्या आणि प्रकाशाच्या पातळ पात्यानं त्यांचे त्रिमितीत फोटो काढले. त्यातलं एक चित्र नातीनं छापून पाठवलं, ते मामांच्या घरी कालनिर्णयच्या शेजारी लटकतं. इवलासा हात आणि त्याच्या बोटाबोटांत गेलेल्या नर्व्ह. प्रौढ माणसाच्या कातडीत नर्व्हची जी मांडणी असते ती तिसऱ्या महिन्यातच तयार झालेली असते, हे त्या कामातून दिसलं. पण मामा ज्यासाठी त्या कागदासमोर उभे राहतात ते वेगळंच. नर्व्हचे फाटे एका भ्रूणासारखे दुसऱ्याचे नव्हते. एवढंच काय, एकाच भ्रूणाच्या उजव्या हातासारखे डाव्याचे नव्हते.

तेव्हापासून "उजवा की डावा?" हे मामांचं पालुपद झालंय. कुणी म्हणालं गुडघा दुखतो, तर उजवा की डावा? कानात दडा बसलाय, उजवा की डावा? शिंपी बाहीचं माप घेताना एकच हात मोजतो म्हणून त्यांनी तीन शिंपी बदलले. खोड तशी जुनीच. नोकरीत असताना वर्गात कुणी "माणसाच्या हातात असं असतं" म्हणालं की ते हात वर करून थांबवत. "कुठल्या माणसाच्या? कुठल्या हातात? तो आपल्या पुस्तकातला गृहस्थ मी चाळीस वर्षं शोधतोय, एकदाही टेबलावर आला नाही." मुलं वैतागायची. पुढे सर्जन झाल्यावर त्यांतली काही फोन करून सांगायची की सर, आज मांडीत एक नर्व्ह भलत्याच वाटेनं गेलेली सापडली, तुमची आठवण झाली. मामा विचारायचे, कुठल्या मांडीत.

मामींच्या उजव्या हाताची बोटं रात्री बधिर व्हायला लागली तेव्हा सोनोग्राफी करायला मामा स्वतः सोबत गेले. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही कायद्यानं लावावी लागणारी पाटी, खाली मामी मनगट पुढे करून बसलेल्या. नर्व्ह सुजलेली होती. एवढं कळल्यावर काम संपलं होतं, पण मामांनी डॉक्टरांना मीडियन नर्व्हमागोमाग मनगटापासून कोपरापर्यंत प्रोब फिरवायला लावला आणि पडद्याकडे बघत "काय दिसतेय! काय दिसतेय!" करत राहिले. लग्नानंतर यांनी माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच म्हटलं, असं मामी आल्यावर म्हणाल्या. डाव्या हातानं पोळ्या लाटून म्हणाल्या, कारण उजव्याला पट्टी होती. मामांनी त्या पोळ्यांचेही फोटो काढले.

लग्नकार्यात मामांभोवती गर्दी असते ती त्यांच्या एका खेळामुळे. अंगठा करंगळीला टेकवायचा आणि मनगट आत वाकवायचं. मनगटाच्या मधोमध एक कंडरा ताठ उभी राहते, ती पामॅरिस लाँगस या स्नायूची. काहींच्या हातात ती नसतेच, काहींच्या एकाच हातात असते, आणि कुणाचं त्यावाचून काही अडत नाही. मागच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभा असलेला अर्धा मांडव अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवत होता. फोटोग्राफरला वाटलं हा यांच्या घराण्याचा कुळाचार. अल्बममध्ये ते पान आहे. नवऱ्या मुलाला डावीकडे नाही, हे मामांनी मंगलाष्टकं चालू असताना शोधून काढलं.

गेल्या दिवाळीनंतर मामांनी देहदानाचा फॉर्म भरला. आपल्याच जुन्या विभागासाठी. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, नातेवाइकांच्या सह्या एवढीच जागा होती, म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन पानं जोडली. त्यात डाव्या हाताच्या नर्व्हबद्दल त्यांचा दाट संशय काय आहे, कुठून सुरुवात केली तर तो पडताळता येईल, शिकाऊ मुलांनी घाईत कुठलं फाडू नये, असं सगळं होतं. खाली ठळक अक्षरांत: 'पित्ताशय २००९ साली काढलेले आहे, शोधण्यात वेळ घालवू नये.' कारकुनानं जादा कागद जोडता येत नाहीत म्हणून ती पानं परत केली. मामा दोनदा जाऊन वाद घालून आले. शेवटी त्याच विभागातल्या त्यांच्या एका विद्यार्थिनीनं पानं आपल्या टेबलाच्या खणात ठेवून घेतली.

साक्षीदार म्हणून मामींची सही लागणार होती. त्यांनी फॉर्म वाचला, ती पानंही वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "यात आणखी एक ओळ घालता येईल का?"

"काय घालू?"

"त्या पोरांना लिहा म्हणावं, हे काही सांगायला लागले तर ऐकत बसू नका. तुम्ही कापत पुढे जा."

मामांनी ती ओळ घातली.